रेघेतली ठेच

एकशे सतराव्या पानावरची रेघ फारच गुळगुळीत होती. मीराबाईंनी पान उलटलं, पुढची दोन पानं पाहिली, आणि कुणी मागून हाक मारावी तशा त्या पुन्हा एकशे सतरावर आल्या. चष्मा पदरानं पुसला. रेघ तशीच. डावीकडून सपाट येणारी आणि मग एका झोकात खाली उतरणारी. कुठे अडखळणं नाही, कुठे दम खाणं नाही. छातीत बारीकसं काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. सकाळी साडेनऊला मोनाली हा प्रबंध त्यांच्या हातात देऊन गेली होती. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, डिंकाचा अजून न गेलेला वास. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या या घराच्या पायरीवर एक चप्पल पायात आणि एक काढलेली, अशी ती उभी होती. "मॅडम, पाच कॉप्या आहेत. ही दिवसभर तुमच्यापाशी राहू द्या. आता बाबाले दाखवाले हिंगणघाटले जातो, संध्याकाळी येऊन घेऊन जातो. उद्या नागपूरले सबमिशन." मीराबाईंनी विचारलं होतं, "बाबाराव वाचतीन काय वं एवढं?" "वाचतीन कायचे! बाबा म्हणे, जिनिंगमधल्या सोबतच्या लोकायले दाखवतो. थे लोकं पहिले वजन करतीन, कापसाच्या गठाणीच्या काट्यावर." दोघी हसल्या होत्या. मग चप्पल चढवून पोरगी निघाली आणि फाटकापाशी वळून म्हणाली, "पहिलं पान पाहा बरं का."

पहिल्या पानावर आभार होते. मार्गदर्शक सर, आई, बाबा, आणि मग एक वेगळी ओळ: रेघ कशी ओढायची हे ज्यांनी मला शिकवलं, त्या मीरा मॅडमना. इंग्रजीतच होती, पण मीराबाईंना ती मोनालीच्या आवाजात ऐकू आली. डोळ्यांत पाणी आलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते लवकर येतं, त्याचं त्यांना विशेष वाटत नाही. त्यांनी चहा केला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि एखादं जुनं पत्र वाचावं तशी एकेक पान वाचत गेल्या. निवृत्त होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. पण जागा भरल्या जात नव्हत्या, म्हणून पुढे पाच-सहा वर्षं कॉलेज त्यांना प्रॅक्टिकल घ्यायला बोलावत राहिलं. त्याच वर्षांत ही मोनाली पहिल्या बाकावर बसायची. केसांना खोबरेल तेल, कंपासपेटीत दोन पेन्सिली, दोन्हींना सुईसारखं टोक. आता तिनं चुंबक केला होता.

विषय मीराबाईंना समजत होता, आणि समजतोय याचा आनंद प्रत्येक पानागणिक होत होता. काही पदार्थ असे असतात की त्यांनी एकदा चुंबकत्व धरलं की सोडत नाहीत. उलट्या दिशेनं कितीही जोर लावा, ते मान फिरवत नाहीत. पण त्यांच्यात मुळात मावतंच थोडं. दुसरे लोखंडासारखे मऊ. ते भरभरून घेतात आणि जरा उलटा वारा लागला की तितक्याच सहज सोडून देतात. दोन्ही एकमेकांत मिसळायचे, पण पिठात मीठ मिसळतो तसं नाही, त्याहून कितीतरी बारीक. केसाच्या जाडीचे आठ हजार भाग केले तर त्यातला एक भाग, मऊ कण साधारण एवढाच हवा. मग शेजारचे कठीण कण त्याला धरून ठेवतात, आणि दोघांचं मिळून जे होतं ते एकट्या कठीणाहून जास्त ताकदीचं असतं. मऊ कण मोठा राहिला तर मात्र त्याचा मधला भाग कुणाच्याच हाताला लागत नाही. उलटा जोर लागला की तो आधी पडतो, कठीण नंतर पडतो, आणि आलेखाच्या रेघेला मध्येच ठेच लागते. परदेशातून येणाऱ्या महागड्या दुर्मिळ मृदा-धातूंवाचून रिक्षांच्या मोटरी चालाव्यात म्हणून जगभर लोक यामागे लागलेत, असं प्रस्तावनेत होतं. मोनालीनं आपली भुकटी दळली, भट्टीत तापवली, आणि मोजमापासाठी कुरियरनं दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवली. तिथून आकडे आले. त्या आकड्यांची ही रेघ. एका झोकात उतरणारी. म्हणजे कठीणानं मऊला पूर्ण धरलं. चुंबकाची ताकद पावपटीनं वाढली, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पण मोनालीनंच ब्याण्णवव्या पानावर मऊ कणांचा आकार दिला होता, आणि तो हवा त्याच्या पाचपट होता. मीराबाईंना आता कळलं काय टोचलं ते. एवढा मोठा कण असताना रेघेला ठेच लागलीच पाहिजे. अगदी शेवटी परिशिष्टात, विद्यापीठाला लागतात म्हणून, मूळ आकडे छापलेले होते. बारीक टायपात सहा पानं. ती सहसा कोणी पाहत नाही. मीराबाई उठल्या. कपाटात आलेखाचे पिवळट कागद होते, एक पेन्सिल होती. खिडकीपाशी उजेडात बसून त्यांनी दर दहावा आकडा घ्यायला सुरुवात केली. बिंदू मांडताना हात स्थिर राहत होता, जसा तो पन्नास वर्षं राहिला होता. पाच बिंदू सरळ. सहावा सरळ. सातवा खाली घसरला. त्यांना वाटलं, आपणच चुकलो. आकड्यावर बोट ठेवून पुन्हा पाहिलं. आठवा आणखी खाली. मग नववा, दहावा, अकरावा जवळजवळ एका पातळीत, दम खाल्ल्यासारखे. आणि मग सगळे कोसळत गेले. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पण रेघ ओढली नाही. नुसत्या बिंदूंकडे पाहत राहिल्या. ते इतके स्पष्ट होते की रेघेची गरजच नव्हती.

असेच बिंदू त्यांनी एकदा पाहिले होते. एक्काहत्तर साल, बी.एस्सी.चं शेवटचं प्रॅक्टिकल, वर्ध्याच्या कॉलेजची लांबच लांब प्रयोगशाळा, छताला उंच टांगलेले पंखे. काळ्या रंगाचा एक गज गुंडाळीत ठेवायचा, वीज वाढवत न्यायची, मग उलटी फिरवायची, आणि गज किती चुंबक झाला ते टिपायचं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं वर्षभर पाठ केलेले आकडे दहा मिनिटांत लिहून काढले होते. मीरा मात्र प्रत्येक आकडा खरा घेत होती. घरी तिला एकच गोष्ट सांगून ठेवलेली होती, शिक आणि खोटं लिहू नको. वडिलांनी ती छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर भिंतीवर खडूनं लिहिली होती. तिच्या आलेखात मध्येच एक ठेच आली. तिनं तीनदा मोजलं, तीनदा आली. बाहेरगावचे परीक्षक तिच्या टेबलापाशी आले. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग आलेख पाहिला. "हे असं वाकडं कसं?" ती म्हणाली, "सर, आलंच तसं." ते हसले. शेजारच्या मुलीचा कागद त्यांनी तिच्यासमोर धरला. "रेघ अशी असते. तुम्हा लोकांना घाई फार." तीस पैकी अकरा. त्या अकरापायी पहिला वर्ग गेला. ती रडली नाही. घरी जाताना बजाज चौकात तिनं उसाचा रस प्याला, एवढं आठवतं, आणि त्या रसात बर्फ नव्हता, हेही.

पाच वर्षांनी ती त्याच कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून आली. पहिल्याच उन्हाळ्यात डेडस्टॉक रजिस्टर तपासायचं काम तिच्यावर आलं. एकेक वस्तू काढायची, नोंदीशी ताडायची, परत ठेवायची. सोबत डोमाजी, प्रयोगशाळेचा परिचर, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात कायम पेचकस. चुंबक ठेवायची त्याची एक रीत होती. दोन-दोन जोडीनं, उलटसुलट, आणि टोकांना साध्या लोखंडाच्या पट्ट्या. "याले एकटं ठेवू नये बाई. एकटा राह्यला का ताकद उतरते त्याची. साधं लोखंड लावून ठेवा, थे सांभाळते त्याले." मग तो काळा गज हातात आला. डोमाजी थांबला. दाराकडे पाहिलं. म्हणाला, "बाई, एक सांगू काय? रागावजा नोका. हा गज दोन तुकड्यायचा आहे. तुमच्या परीक्षेच्या वर्षी माह्या हातून पडून मोडला. अर्धा पोलादाचा होता थो ठेवला, अर्धं साधं लोखंड जिनिंगच्या मिस्त्रीकडून आणून ठोकलं, वरून रंग मारला. सरायले सांगतलं असतं तं नौकरी गेली असती. तुमच्या टेबलावर थोच गेलता." तिनं गज हातात फिरवून पाहिला. डोमाजी म्हणाला, "तुमचं नाई चुकलं बाई. गजानं खरं सांगतलं, तुमी खरं लिवलं." मीराला वाटलं होतं, हे ऐकून आपल्या आत काहीतरी मोकळं होईल. झालं नाही. तिनं रजिस्टरमध्ये गजापुढे 'निर्लेखित, वापरास अयोग्य' असं लिहिलं आणि सही केली. गज भंगारात गेला. पुन्हा कोणत्याही मुलीच्या टेबलावर तो येऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. डोमाजीनं हात जोडले. कोणाला काही सांगितलं नाही म्हणून तो मरेपर्यंत तिला देव मानत राहिला, आणि मीराबाईंना त्या मानण्याची दर वेळी लाज वाटायची.

आणि जुलैत वर्ग सुरू झाले तेव्हा त्यांनी काय शिकवलं? तेच. फळ्यावर बिंदू काढून, त्यांच्यामधून हात न उचलता एक झोकदार रेघ ओढून दाखवायची त्यांची एक लकब होती. मुली पाहत राहायच्या. "एखादा बिंदू रेघेबाहेर गेला तर खोडरबर कशाला दिलंय?" पोरी हसायच्या. "बिंदू कोणी पाहात नाई, पोरींनो. पाहणारे रेघ पाहतात." हे वाक्य कॉलेजात प्रसिद्ध होतं. गॅदरिंगला त्यांची नक्कल करताना मुली तेच म्हणायच्या. ते काही वाईट मनानं नव्हतं. खेड्यातून येणाऱ्या, आडनाव सांगताना आवाज खाली आणणाऱ्या मुली समोर बसलेल्या असायच्या, आणि त्यातल्या एकीलाही तीस पैकी अकरा मिळू द्यायचे नव्हते. मिळाले नाहीत. तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्या मुलींना प्रॅक्टिकलमध्ये कोणी नापास केलं नाही. कोणी बँकेत गेली, कोणी शाळेत, कोणी तहसीलमध्ये. कुणाच्याच कामात पुढे रेघ आली नसावी. ती आली एका मोनालीच्याच. आणि तिनं ती मॅडमनी शिकवली तशी ओढली.

दुपारी त्यांनी जेवण केलं नाही. पलंगावर आडव्या झाल्या तर छत दिसलं, डोळे मिटले तर बिंदू दिसले. गप्प राहिलं तर काय होईल, याचा त्या विचार करत राहिल्या. बहुधा काहीच नाही. बाहेरचे परीक्षक प्रस्तावना वाचतील, निष्कर्ष वाचतील, चहा घेतील. मोनाली डॉक्टर होईल. पुढच्या महिन्यात आर्वीच्या कॉलेजात मुलाखत आहे, तिथे सबमिशनचं पत्र लागतं. फेलोशिप मार्चमध्ये संपली. घरात ती पहिली. आणि बोललं तर? तर पोरगी उद्या जाणार नाही, मुलाखत हातची जाईल, आणि ती या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. हे शेवटचंच सगळ्यात आधी मनात आलं होतं, हे मीराबाईंनी स्वतःशी कबूल केलं. या घरात फाटक वाजवून न येता सरळ स्वयंपाकघरात शिरणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मग त्यांना आणखी एक दिसलं. पाच-दहा वर्षांनी कुठल्याशा गावात कोणीतरी मोनालीचा आकडा खरा धरून मोटर बनवेल, ती चालणार नाही, आणि तो माणूस तीन-तीनदा मोजून आपलंच चुकलं म्हणून रात्रंदिवस झुरेल. त्या उठून बसल्या. तोंडावर पाणी मारलं.

मोनाली सहाच्या सुमाराला आली ती बोलतच. "मॅडम, बाबानं पेढे वाटले जिनिंगमंधी! मी म्हटलं, अजून डिग्री नाई भेटली, तं म्हणे, पुस्तक तं झालं ना. मॅनेजर काय म्हणे माहीत आहे? म्हणे, तुया पोरीच्या चुंबकानं कपाशीतले खिळे निघतीन काय? बाबा म्हणे, तुमच्या डोक्यातलेही निघतीन." ती हसता हसता थांबली. टेबलावर प्रबंध उघडा होता, आणि त्याच्या शेजारी पिवळट कागद. तिनं कागदाकडे पाहिलं. तिला एक क्षणही लागला नाही. खाली बसली.

"तुमी मागचे आकडे पाह्यले," ती म्हणाली.

"पाह्यले."

"कोणीच पाहात नाई थे."

"माहीत आहे."

मोनालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सर म्हणे, थोडं स्मूथ करून घे. मशीनची खरखर असते आकड्यायत, नॉइज. कॉम्प्युटरवर एक बटन आहे, मॅडम. दाबलं का झालं. मले वाटलं, खरंच नॉइज असन."

"वाटलं?"

"नाई वाटलं." ती एकदम उसळली. "भट्टी दोनदा बिघडली, माहीत आहे ना तुमाले? लाइन गेली का तापमान घसरते, कण वाढतात. तिसऱ्यांदा करू म्हटलं तं सर म्हणे, वेळ कुठी आहे? आणि तुमीच तं शिकवलं! पाहणारे रेघ पाहतात. मी बोललो काय थे वाक्य? तुमी बोलल्या. आता उद्या सबमिशन आहे तं आज बिंदू मांडून बसल्या!"

मीराबाईंनी मान हलवली. हे त्यांनी दुपारभर मनात ऐकलं होतं, पण समोरून आलं तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता. मग त्यांनी गजाचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. अकरा मार्क सांगितले, परीक्षकाचं हसणं, डोमाजीचं दाराकडे पाहणं, रजिस्टरमधली सही.  मोनाली ऐकत होती. तिचा राग गेला नव्हता, पण त्याला आता बसायला जागा सापडत नव्हती.

"म्हणजे तुमाले माहीत होतं," ती हळू म्हणाली. "तुमची रेघ बरोबर होती, हे माहीत होतं. आणि तरी तुमी आमाले..."

"हो."

"काऊन मॅडम?"

मीराबाईंनी उत्तर शोधलं. तुमच्यासाठी, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण ते पूर्ण खरंही नव्हतं, आणि आज अर्धवट काही बोलायची ताकद त्यांच्यात नव्हती. "भ्यालो होतो," त्या म्हणाल्या. "पुन्हा कोणी कागद हातात धरून हसन, याले भ्यालो होतो. तुमच्या नावानं मीच भेत राह्यलो."

बाहेर दुधवाल्याची सायकल वाजली. मोनालीनं कागद जवळ ओढला. सातव्या बिंदूवर बोट ठेवलं, मग आठव्यावर, मग त्या दम खाणाऱ्या तिघांवर. बराच वेळ. मीराबाईंना वाटलं, आता ती उठेल, पुस्तक पिशवीत टाकेल आणि जाईल. तो तिचा हक्क होता. "मी येतो तुह्यासोबत," त्या घाईनं म्हणाल्या. "सरायले मी सांगतो. चूक माही आहे म्हणतो."

"काही गरज नाई," मोनाली तुटक म्हणाली. "तुमी आल्या तं सर म्हणतीन, बुढीनं डोक्यात भरवलं. चुंबक माहा आहे. ताकद वाढली आहे त्याची, मॅडम, खोटी नाई. पाव नाई वाढली, थोडीशीच वाढली. कण का नाई धरल्या गेला, थेही लिहाव लागन. एक्स्टेन्शन मागाव लागन. सहा महिने." आर्वीचं नाव तिनं घेतलं नाही. मीराबाईंनीही घेतलं नाही. तिनं फोन काढला, नंबर लावला. "बाबा, उद्या नाई जाऊन राह्यलो मी. ... नाई, तब्येत ठीक आहे. ... काम राह्यलं थोडं. ... नाई, कोणी नाई अडवलं. माह्याच ध्यानात आलं."

मीराबाईंनी हात पुढे केला. मोनालीनं मान हलवून नाही म्हटलं. हात तसाच राहिला. शेवटी तिनं फोन दिला.

"बाबाराव, मी मीरा बोलतो," त्या म्हणाल्या. "तिले मी अडवलं. आणि चुकीचं शिकवलंतं तेही मीच. तुमी पेढे वाटले, मले माहीत आहे."

पलीकडे जिनिंगचा घरघराट होता. बाबाराव गेल्या अकरा वर्षांत या घरी तीन-चारदा आले होते, आणि दर वेळी खुर्ची दिली तरी दारापाशी उभे राहिले होते. 

"मॅडम," मग ते म्हणाले, "पोरगी रागात आहे काय?"

"आहे."

"मंग जेवाले घालजा तिले. रागात असली का जेवत नाई थे, उपाशी झोपते. बाकीचं तिचं तिले पाहू द्या." फोन ठेवला.

मीराबाईंनी फोन मोनालीपुढे टेबलावर ठेवला. मग आत गेल्या. परात काढली, ज्वारीचं पीठ घेतलं, आधण ठेवलं. दारातून मोनालीची पाठ दिसत होती. ती टेबलावर वाकली होती. परिशिष्टाची पानं उलटण्याचा आवाज येत होता. ती राहिलेले आकडे घेत होती, दर दहावा नाही, एकेक.

"किती भाकरी टाकू?" मीराबाईंनी विचारलं.

 पीठ मळून झालं, तवा तापला.

"दोन," मोनाली मान वर न करता म्हणाली. आणि पहिली भाकर तव्यावर पडल्यावर, "तीन करा."